फॅमिलीवाली वाट

माझा बर्फाशी संबंध पूर्णपणे व्यावसायिक आहे. दुबईतल्या एका कंपनीत मी मोठमोठ्या इमारती थंड ठेवणारी यंत्रं विकतो. वीसेक वर्षं लोकांना थंडी विकून पोट भरलं, पण स्वतः थंडीत जाऊन उभं राहावं असं कधी वाटलं नाही. हलवाई स्वतःच्या दुकानातला पेढा तोंडात टाकत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्यामुळे दोन पायांना दोन लांबलचक फळ्या बांधायच्या, दोन हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फातून जंगलात शिरायचं, आणि तेही पदरचे पैसे भरून, ही कल्पना माझ्या डोक्यात आपणहून येणं शक्यच नव्हतं. ती व्हिडिओ कॉलवर आली.

व्हिडिओ कॉल हेच सध्या आमचं घर. सुमेधा, म्हणजे माझी बायको, आणि दोन्ही मुलं कॅनडात ओटावाला, आणि मी दुबईतल्या करामा या वस्तीत. कॅनडाचं पी.आर., म्हणजे कायम राहण्याचा परवाना, टिकवायला माणसांनी तिकडे राहायचं आणि ती माणसं टिकवायला पगाराने इकडे राहायचं, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या ओळखीत ती इतक्या घरांत आहे की आता कुणी कारणही विचारत नाही. दर शनिवारी मी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून बसतो. तिकडून सगळे एकदम बोलतात, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं की मिहिका म्हणते, "बाबा, यू आर ऑन म्यूट." मी म्यूट काढेपर्यंत विषय बदललेला असतो. पूजेतल्या नारळासारखी माझी अवस्था असते. मांडलेला अगदी मध्यभागी, पण त्याच्याशी कुणी बोलत नाही.

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सुमेधा म्हणाली, "अरे, डिसेंबरात येतोयस ना? मुलं म्हणतायत, या वेळी सगळे क्रॉस-कंट्री स्कीइंगला जाऊ. ते डोंगरावरून धाडकन खाली यायचं असतं ना, तसलं नाही हं. सपाटीवर, झाडांतून. चालल्यासारखंच."

"बाबा, यू पिक द ट्रेल," मिहिका म्हणाली. ती तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकते. "यू लव्ह प्लॅनिंग."

"येस, बाबा विल मेक अ फाइव्ह-इयर प्लॅन," शौर्य म्हणाला. हा धाकटा, बारावीत. दोघंही करामात वाढली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

ते चेष्टा करत होते हे मला कळत होतं. पण मला आनंद झाला, अगदी खरा आनंद. दोन वर्षांत पहिल्यांदाच या कुटुंबात मला कुणी काम दिलं होतं. वाट मी निवडायची आणि सगळ्यांनी त्या वाटेने जायचं! एवढा अधिकार मला करामात सगळे एकत्र असतानाही नव्हता.

लगेच त्या स्की सेंटरची वेबसाइट उघडली. वाटांचे तीन वर्ग पाडले होते. कुटुंबांसाठी बीव्हर लूप, नवशिक्यांसाठी मेपल वॉक आणि शौकिनांसाठी वुल्फ रिज. बीव्हर लूपसमोर आई, बाबा आणि दोन मुलं असं हसरं चित्र होतं, खाली ठसठशीत अक्षरांत 'फॅमिलीज' लिहिलेलं. तो शब्द वाचला आणि मी वेबसाइट बंद केली.

आता ती बंद का केली, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही मला भित्रा समजाल. आमच्याकडे दुबईत माणसांच्या दोनच जाती आहेत, फॅमिली आणि बॅचलर. ज्याची बायको त्याच्या शेजारी प्रत्यक्ष उभी आहे तो फॅमिली, बाकी सगळे बॅचलर. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं कॉलेजात आहेत की नाहीत, याला कुणी विचारत नाही. बिल्डिंग फॅमिलीसाठी की बॅचलरसाठी हे आधी ठरतं, पाणी येतं का हे नंतर. आमच्या कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याकडे माळ्यावर पडदे लावलेली फॅमिली रूम आहे. वर्षानुवर्षं आम्ही चौघं तिथे बसायचो. सुमेधा गेल्यावर एकदा मी सवयीने जिना चढू लागलो तर वेटर म्हणाला, "साहेब, तुम्ही खालीच बसा ना." तो वाईट बोलला नाही. खुर्चीही त्याने स्वतः पुसून दिली. पण त्या दिवशी मला मिसळ गोड लागेना, आणि तिखट तर त्याहून लागेना.

त्यात आमच्या बिल्डिंगला नवीन मालक आला होता. त्याने लिफ्टमध्ये पाटी लावली, 'ओन्ली फॅमिलीज'. तेव्हापासून वॉचमन हमदुल्ला मला रोज न चुकता विचारायचा, "विलास साब, फॅमिली किधर है?" तोही बिचारा आपली फॅमिली पेशावरला ठेवून जिन्याखालच्या खोलीत राहणारा. पण तो वॉचमन असल्यामुळे त्याला कुणी विचारत नसे.

सांगायचा मुद्दा, 'फॅमिलीज' हा शब्द दिसला की आत कोण जाणार याआधी बाहेर कोण राहणार हेच मला दिसतं. समजा, सुमेधा मुलांना घेऊन पुढे गेली. मी बुटांची नाडी बांधत मागे राहिलो. गेटवरच्या माणसाने अडवलं. भाषा त्याची, देश त्याचा. मग?

मी शेजारी फेलिक्सकडे गेलो. फेलिक्स तुस्कानो मूळचा वसईचा, इथे एका हॉटेलात बँक्वेटचा मॅनेजर. हजार माणसांची लग्नं लावून देतो, त्यामुळे कोणत्याही प्रश्नावर त्याच्याकडे सल्ला तयार असतो, बुफेसारखा.

"विलासभाऊ, रिस्क घेऊ नका," तो म्हणाला. "आमच्या लॉयडचं काय झालं माहितीये ना? पार्कात लेडीज-फॅमिली डे होता. बायको-पोरं आत गेली, हा गाडी पार्क करून आला, तर गेटवर सोडेना. अख्खी पिकनिक गाडीत बसून काढली माझ्या भावाने. केळी खाऊन."

"अहो, पण ते कॅनडा आहे," आतून त्याची बायको पॉलिन म्हणाली. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोललेली ती एकटीच, आणि म्हणूनच तिचं कुणी ऐकलं नाही.

"पॉलिन, फॅमिली म्हणजे फॅमिली," फेलिक्स म्हणाला. "जगात कुठेही जा, गेटवर माणूस असतोच. विलासभाऊ, तुम्ही आधीच पेपर पाठवा. अटेस्टेड."

अटेस्टेड! इथे राहिलेल्या माणसाला या शब्दाने जो धीर येतो तो रामरक्षेनेही येत नाही. आमचं मॅरेज सर्टिफिकेट नोटरी, मंत्रालय, वकिलात असा प्रवास करून आलेलं आहे. त्यावर इतके शिक्के आहेत की आमची नावं शोधावी लागतात. मी ते स्कॅन केलं. त्याला चौघांचे पासपोर्ट आणि लग्नातला एक फोटो जोडला आणि स्की सेंटरला ऑफिसच्या इंग्रजीत रीतसर मेल केला. 'मी विवाहित गृहस्थ असून सध्या परिस्थितीवश बॅचलर म्हणून राहत आहे. तरी फॅमिली ट्रेलवर मला पत्नीसह आणि पत्नी पुढे गेल्यास पत्नीविना प्रवेश मिळेल काय, हे कृपया कळवावे.'

दोन दिवसांनी हेदर नावाच्या बाईंचं उत्तर आलं. 'प्रिय विलास, सर्वप्रथम लग्नाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! नवरी फार गोड दिसते आहे. आमच्याकडे गेटवर कुणी नसतं, कारण गेटच नाही. एक खांब आहे आणि त्यावर नकाशा. कुणीही कुठल्याही वाटेने जावं. फॅमिली ट्रेल म्हणजे फक्त सोपी वाट. सगळ्यांनी एकत्र राहायचं असेल, तर तुमच्यातल्या सगळ्यात कच्च्या माणसाला झेपेल ती वाट घ्या.'

गेटच नाही, हे मी दोनदा वाचलं. मग कामाला लागलो. सगळ्यात कच्चा माणूस कोण, यात मला शंकाच नव्हती. सुमेधा! करामातल्या आमच्या जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या उतरतानासुद्धा ती माझा खांदा धरायची. जिना धुतलेला असला तर दोन्ही हातांनी. तिला बर्फावर कोण सांभाळणार? मीच. म्हणजे मला आधी शिकलं पाहिजे. वाट ठरली. बीव्हर लूप. चौघं मिळून, हळूहळू, आणि सुमेधाचा हात माझ्या खांद्यावर. हे चित्र मला इतकं आवडलं की मी ते रोज थोडं थोडं पाहू लागलो.

दुबईत बर्फ कुठे मिळणार, असं तुम्हाला वाटेल. दुबईत सगळं मिळतं. एका मॉलमध्ये काचेच्या आत बर्फाचा अख्खा उतार आहे. तिथल्या तिकीट खिडकीवरची मुलगी म्हणाली, "सर, सपाट बर्फ फक्त किड्स झोनमध्ये आहे. किती जण?" मी म्हटलं, "एक." तिने माझ्या मागे पाहिलं, मग खाली पाहिलं, मूल बुटकं असेल म्हणून. "सर, मुलाशिवाय मोठ्यांना आत सोडत नाही," ती म्हणाली. काचेपलीकडे कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. बाप लोक ढुंगणावर आपटत होते आणि मुलं टाळ्या पिटत होती. मी काचेला नाक लावून त्यांचे पाय कसे पडतात ते पाहत राहिलो, आणि गार्डने दुसऱ्यांदा "सर?" म्हटल्यावर घरी आलो.

"बर्फ कशाला पाहिजे? घसरण पाहिजे," फेलिक्स म्हणाला, आणि आमच्या तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी ऑफिस लवकर सुटतं. दुपारी कॉरिडॉर रिकामा असतो. पॉलिनने "मला विचारू नका" म्हणत दोन पोछे दिले. हमदुल्लाने नुकतीच साबणाच्या पाण्याने फरशी पुसली होती. मी लोकरीचे मोजे चढवले, दोन्ही हातांत पोछ्यांचे दांडे घेतले आणि लिफ्टपाशी उभा राहिलो. फेलिक्स मोबाइलवर व्हिडिओ बघून सूचना वाचत होता. "वजन पुढे! गुडघे मोकळे! उजवा पाय, डावी काठी! डावा पाय, उजवी काठी! आता ग्लाइड, विलासभाऊ, ग्लाइड!"

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत मला ग्लाइड जमलं. जमलं म्हणजे इतकं जमलं की थांबेना. "थांबायचं कसं?" मी ओरडलो. "तो पार्ट टू आहे!" फेलिक्स ओरडला. नेमकं त्याच वेळी कॉरिडॉरच्या टोकाच्या घरातल्या नूरजहाँ आपांनी कचरा ठेवायला दार उघडलं. आधी पोछा, मग मी, असे आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात शिरलो. आत चार-पाच बायका चहा पीत बसल्या होत्या. एक परका पुरुष, अर्ध्या चड्डीत, लोकरी मोज्यांत, दोन पोछे परजत गालिच्यावर येऊन बसला, हे दृश्य त्यांनी कसं घेतलं असेल याचा विचार मी आजही टाळतो. मी अदबीने "सॉरी, कॅनडा को जाना है," एवढंच म्हणू शकलो.

नूरजहाँ आपा स्वभावाने फार चांगल्या. त्यांनी मला पाणी दिलं. पण पाहुण्यांपैकी कुणीतरी बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार केली की तिसऱ्या मजल्यावरचा बॅचलर बायकांच्या बैठकीत शिरला. बॅचलर! इतक्या वर्षांच्या माझ्या सभ्यतेचं त्या एका शब्दाने मातेरं झालं.

दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगच्या ऑफिसातल्या युसुफभाईंनी बोलावलं. त्यांच्यासमोर माझी फाइल होती आणि शेजारी हमदुल्ला साक्षीदारासारखा उभा होता.

"विलासभाई, आप अच्छा आदमी है," युसुफभाई म्हणाले. अशी सुरुवात झाली की पुढे वाईटच असतं. "लेकिन बिल्डिंग फॅमिली का है. आपका फॅमिली किधर है?"

"कॅनडा में."

"कॅनडा में तो सबका है. इधर किधर है?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, थांबा, दाखवतो, आणि तिथेच सुमेधाला व्हिडिओ कॉल लावला. आमची दुपार म्हणजे त्यांची पहाट, हे मला तिचा चेहरा दिसेपर्यंत आठवलं नाही. अंधारात उशीवरून उठलेला चेहरा, आणि पहिलंच वाक्य, "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. सगळे ठीक आहेत. फक्त युसुफभाईंना सांग की तू आहेस."

"काय?"

"तू आहेस, एवढं सांग."

युसुफभाईंनी फोन हातात घेतला. "सलाम, भाभीजी. माफ करना. आप विलासभाई का फॅमिली हैं?"

"हां जी," सुमेधा म्हणाली.

"इधर वापस कब आएंगी?"

तिकडे तिने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग सुमेधा म्हणाली, "इन्शाल्ला."

देवाच्या मनात असेल तर, असा अर्थ. शब्द चांगला आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण इथे राहिल्यावर माणूस तो ऐकताना बोलणाऱ्याचा चेहरा बघायला शिकतो. मी फोनकडे पाहिलं. तिच्या खोलीत अंधार होता.

युसुफभाईंनी फोन परत दिला आणि फाइल मिटली. "खलास. घर का रिन्यूअल जनवरी में है. आप छुट्टी जा रहे हो ना? फॅमिली का एक ताजा फोटो ले आओ, सब साथ में. मैं मालिक को दिखा दूँगा." लगेच, जरा हळू आवाजात, "और विलासभाई, पोछा घर के अंदर."

म्हणजे बघा, एका वाटेवर आता काय काय अवलंबून होतं! पुढच्या शनिवारी मी डब्याला फोन टेकवून, म्यूट आधीच काढून, निकाल जाहीर केला. बीव्हर लूप.

"द फॅमिली ट्रेल?" मिहिका म्हणाली. "बाबा, दॅट्स लाइक, फॉर टॉडलर्स. आय वॉज थिंकिंग वुल्फ रिज."

"चिल, इट्स फॉर बाबा," शौर्य म्हणाला.

"असू दे रे," सुमेधा म्हणाली. "सगळे एकत्र राहू."

बिचारी घाबरली आहे, पण मुलांसमोर कबूल करत नाही, असं मला वाटलं. मी तिला खुणेने सांगितलं, मी आहे. तिला काही कळलं नाही, पण तिने मान हलवली.

डिसेंबरात गेलो. ओटावाच्या थंडीबद्दल धंद्यातला माणूस म्हणून एकच सांगतो. हा माल आपण विकत नाही. स्की सेंटरपाशी खरंच गेट नव्हतं. खांब होता, त्यावर नकाशा. तरी मी क्षणभर त्या खांबाशी थांबलो, सवयीने, कुणी काही विचारतंय का म्हणून. कुणी विचारलं नाही.

बाकावर बसून मी बुटाचं टोक त्या फळीत अडकवायची खटपट करत होतो. फळी पुढे जायची, मी मागे. शेवटी डोकं वर करून सुमेधाला म्हटलं, "थांब हं, घाबरू नकोस, मी आलो की तुलाही लावून देतो."

सुमेधा उभी होती. दोन्ही फळ्या पायांत. टक, टक, एवढाच आवाज मी ऐकला होता, तो तिचाच होता. तिने काठ्या रोवल्या, एक पाय मागे लोटला आणि सरळ रेषेत सरकत झाडांपर्यंत गेली. तिथे फळ्यांची टोकं आत वळवून थांबली आणि वळून परत आली. पार्ट टू.

"तुला येतं?"

"अरे, आमचा रविवारचा ग्रुप आहे ना. सांगितलं होतं की कॉलवर. गेल्या हिवाळ्यापासून जाते मी." आणि मग माझ्यासमोर वाकून तिने माझा बूट दोन्ही हातांनी धरला आणि फळीत बसवला. "गुडघे वाकव. खाली बघू नकोस, पुढे बघ. आणि भीती वाटली तर माझा खांदा धर."

आम्ही निघालो. यंत्राने पाडलेल्या दोन खाचा, त्यात दोन फळ्या. रेल्वेचाच हिशोब, रुळावरून न उतरणं एवढंच काम. मी दर दहा-बारा पावलांनी उतरत होतो. तिघं पुढे जायचे, थांबायचे, मागे बघायचे. मी धापा टाकत पोचलो की मिहिका म्हणायची, "गुड जॉब, बाबा!" आणि ते पुन्हा निघायचे. म्हणजे त्यांची विश्रांती संपायची तिथे माझी सुरू व्हायची, आणि सुरू होताच संपायची. तीन वर्षांचं एक पोर मला ओलांडून गेलं आणि वळून त्याने हात हलवला. त्यांच्यात काही बोलणं चालायचं, हसणं ऐकू यायचं. मी जवळ येईपर्यंत विषय बदललेला असायचा. तिथे तर मी म्यूटवरही नव्हतो.

माझी तिघं थंडीत कुडकुडत उभी होती. थांबलं की गारठतं, हे मला तेव्हा कळलं. शौर्य पाय आपटत होता. सुमेधा माझ्यासाठी थांबता थांबता निळी पडत होती, आणि वर मलाच म्हणत होती, "सावकाश ये, घाई नाही." मग मीच म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागून."

"नको रे, एकत्रच जाऊ," सुमेधा म्हणाली.

"जा गं. मला देखावा बघायचाय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात थोडी काळजी होती आणि थोडी सुटका. मला दोन्ही दिसलं. मला फार एकटं वाटलं आणि त्यांचा रागही आला नाही, हे सरळच सांगतो.

मग ती तिघं निघाली. पुढे मिहिका, मध्ये शौर्य, मागे सुमेधा. आता त्यांना कुणासाठी थांबायचं नव्हतं. उजवा पाय, डावी काठी, डावा पाय, उजवी काठी, तिघांचं एकदम. पाठोपाठ, एका तालात, पांढऱ्या झाडांमधून. त्यांना असं मी कधी पाहिलंच नव्हतं. फोनमध्ये ती नेहमी बसलेली असतात, छातीपर्यंत. मी हातमोजा दाताने ओढून काढला, खिशातला फोन काढला आणि फोटो घेतला. मग फोन परत ठेवायच्या नादात आडवा झालो.

एक म्हातारं जोडपं थांबलं. दोघांनी मिळून मला उभं केलं. "आर यू ऑन युअर ओन?" आजींनी विचारलं.

"नो, नो. विथ फॅमिली," मी म्हणालो आणि काठीने पुढे दाखवलं. पुढे वाट होती, बर्फ होतं, आणि बाकी काही नव्हतं. त्या दोघांनी अगदी सभ्यपणे तिकडे बघितलं आणि मान डोलावली.

शेवटी एका लाकडी झोपडीपाशी ती तिघं सापडली. माझ्यासाठी हॉट चॉकलेट घेऊन ठेवलं होतं. त्यावर चांगली जाड साय धरली होती. सुमेधाने माझी बोटं आपल्या हातांत घेऊन चोळली. "इतका वेळ?" ती म्हणाली. मी म्हटलं, देखावा फारच सुंदर होता. आणि तो खरंच होता. दहा दिवसांनी मी परत आलो. विमानतळावर चौघांचा एकत्र फोटो काढायचं सगळ्यांच्या डोक्यात होतं. पण शौर्यची परीक्षा होती, मिहिकाची पार्ट-टाइम कामाची शिफ्ट होती, आणि सुमेधा गाडी पार्क करायला गेली ती मी आत गेल्यावर आली.

करामात लिफ्टमध्ये पाटी तशीच होती. हमदुल्लाने माझी बॅग उचलली आणि या वेळी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या ऑफिसात गेलो. युसुफभाईंनी चहा मागवला, चष्मा चढवला आणि माझा फोन हातात घेतला. बराच वेळ ते बर्फाकडेच बघत होते. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"माशाल्ला," ते म्हणाले. "ये बेटी. ये बेटा. ये भाभीजी." त्यांनी फोटो डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, वर-खाली केला. "फॅमिली तो है, विलासभाई. पक्का फॅमिली है. मालिक को बोल दूँगा." शिक्का उचलता उचलता त्यांनी पुन्हा एकदा फोनकडे पाहिलं. "लेकिन आप किधर हैं?"

"मैं पीछे से आ रहा हूँ," मी म्हणालो.